झिंग्याचं अंथरूण

कुंताबाईनं खालून हाक मारली आणि तिचा कुत्रा झिंग्या थेट कड्याच्या टोकाशी आला. दिव्यानीनं पुढं केलेली फासाची काठी मागं घेतली.

"बाई, हाक नोका मारू!" प्रफुल वरून ओरडला. "तुमच्याकडं येयाले उडी मारन तो!"

कुंताबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. तलावातले मासे धरून मूल गावच्या बाजारात विकणारी बाई. पाय सुजलेला, टेकडी चढवेना. काल फिरायला आलेल्या पोरांनी बिस्किटं दाखवत तिच्या कुत्र्याला पायवाटेनं वर नेलं, फोटोसाठी उंच खडकावर चढवलं आणि तसंच सोडून दिलं. सकाळी गुराख्याला त्याचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठं पत्ता लागला.

प्राणी वाचवणाऱ्या मंडळाचे तिघं, दिव्यानी, प्रफुल आणि हेमराज, दुपारपासून खपत होते. फासाची काठी पुढं केली की झिंग्या मागं सरके, आणि मागं तर नुसती दरी.

"आपण याले चोर दिसून राह्यलो," हेमराज म्हणाला.

"तुह्या मिशा पाहून मी बी पळालो असतो," प्रफुल म्हणाला. पण हसू कुणालाच आलं नाही. दिवस कलायच्या आत खाली या, इकडं बिबट फिरते, असं वनरक्षकानं बजावलं होतं.

दिव्यानीला घरचं लेकरू आठवलं. सासूनं कितीही थोपटलं तरी डोळा मिटत नसे. दिव्यानीचं स्वतःचं जुनं लुगडं अंथरलं की मूठ सैल पडायची. ती उठली आणि तरातरा खाली उतरली.

"बाई, हा घरी झोपते कुठी?"

"जाळ्यावर. रोज हाकलतो मी, रोज येते मेला."

"जाळं कुठी हाय?"

"सायकलले बांधून हाय. सांजी टाकाचं होतं." बोलता बोलताच तिनं गाठ सोडली.

दिव्यानीनं मासळीच्या वासाचं ते जाळं वर नेऊन खडकावर पसरलं. तिघंही लांब, पाठ करून बसले. बराच वेळ काहीच नाही. मग नखांचा आवाज. झिंग्यानं जाळं हुंगलं, गोल गोल फिरला आणि मुटकुळं करून पडला.

"धरू?" हेमराज कुजबुजला.

"थांबा भाऊ. डोळा लागू द्या," दिव्यानी म्हणाली.

मग जाळ्याच्या कडा हळूच गोळा झाल्या. झिंग्यानं एक डोळा उघडला, दिव्यानीचा हात हुंगला आणि परत मिटला. जाळ्याची झोळी दोरीनं खडकाखाली उतरली, मग बांबूला बांधून दोघांच्या खांद्यावरून पायवाटेनं निघाली.

कुंताबाईच्या तोंडात पदर तसाच होता.

"बाई, आता मारा हाक," प्रफुल म्हणाला.

तिनं तोंडातला पदर काढला. हाकेआधीच झोळीतून कुईं आलं, आणि शेपटी जाळ्यावर आपटायला लागली.

"मेल्या, बिस्किटं पायजे होते तुले?" ती रडत रडत त्याला बुक्के मारू लागली, बुक्के कसले, कुरवाळणंच ते.

हळूहळू शेपटी थांबली, झिंग्याचे डोळे परत मिटले. प्रफुल जाळं सोडवायला वाकला. "सांज होते बाई, तुमाले तलावावर जाचं असन."

कुंताबाईनं त्याचा हात बाजूला सारला.

"राहू द्या. झोपला हाय तो."