हात केला म्हणून

लॉन्ड्रीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला हात करायची भारी हौस. पांढऱ्या पट्ट्यांपाशी गाडी थांबवायची, काचेमागून ऐटीत तळहात फिरवायचा, आणि माणसं पलीकडे जाताना मान डोलवायची. बायको शेजारी बसलेली असली की म्हणायची, "रस्ता जणू तुमच्या वडिलांनीच बांधलाय." पण पट्ट्यांपाशी थांबणारे असतात तरी किती? त्यामुळे त्याला स्वतःचं कौतुक होतं, आणि ते अगदीच फुकटचं नव्हतं.

त्या दुपारी पट्ट्यांच्या कडेला शिवणकाम करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. रोज दिसायच्या, तेवढीच ओळख. गिऱ्हाइकाचा लांबलचक झगा हँगरला लावून त्यांनी उजव्या हातात उंच धरला होता, जमिनीला लागू नये म्हणून. ड्रायव्हर थांबला. हात केला. मावशी हसल्या आणि निघाल्या.

मग त्याचं लक्ष उजव्या आरशात गेलं. मागून एक लाल मोटार बाजूच्या मोकळ्या लेनमध्ये शिरली होती आणि सुसाट येत होती. लॉन्ड्रीची गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच, तिच्याआड मावशी मोटारवाल्याला दिसणार नव्हत्या. मावशींना मोटार दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता, त्या बाजूला झगा होता.

त्याचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच थबकला. हॉर्न ऐकून माणूस काय समजतो? आटपा. मावशी बिचाऱ्या पाय उचलतील आणि थेट मोटारीपुढे जातील. थांबा म्हणून खूण करावी, तर त्यांची नजर झग्याच्या काठावर. काच खाली करून हाक मारायला वेळ नव्हता. आपणच बोलावलं, एवढं एकच त्याच्या डोक्यात घणघणत होतं.

त्याने सगळा जोर लावून आपल्या बाजूचं दार मोटारीच्या वाटेत उघडलं आणि पाय आत ओढून घेतला.

ब्रेक किंचाळले. दार बिजागरीतून निखळून धाडकन रस्त्यावर पडलं. मोटार मावशींपासून हातभर अंतरावर थांबली. झगा खाली पडला होता, मावशी होत्या तिथेच उभ्या होत्या.

मोटारीतून एक चष्मेवाले गृहस्थ उतरले. चेहरा पांढराफटक. "वेड लागलंय का? भर रस्त्यात दार उघडता?"

"मी थांबलेलो दिसलं नाही?"

"मला वाटलं, माल उतरवताय."

"पट्ट्यांवर?"

गृहस्थांनी खाली बघितलं. मोटारीची पुढची चाकं पट्ट्यांवरच होती.

ड्रायव्हर मग मावशींकडे वळला. त्याचा आवाज चढला. "अहो मावशी, बाजूला बघायचं तरी."

मावशींनी झगा उचलून झटकला. "तुम्ही हात केलात ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही बघितलंय."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"नव्हतं बघितलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडीचं दार दोरीने बांधलेलं होतं आणि तो पलीकडच्या दाराने चढला होता. पट्ट्यांपाशी थांबला. मावशी उभ्या होत्या, आज कपडे घडी करून पिशवीत. त्यांनी सवयीने त्याच्या हाताकडे बघितलं. हात नुसता शिवशिवत होता, पण त्याने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. वाजवू देत.

शेवटी मावशी आपणहून गाडीच्या नाकापर्यंत आल्या आणि मान पुढे काढून पलीकडच्या लेनमध्ये डोकावल्या. त्यांच्या समोरून एक टेम्पो न थांबता निघून गेला. आपण हात केला असता तर त्या आत्ता तिथे असत्या.

मावशींनी पुन्हा बघितलं आणि रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर वळून त्यांनीच त्याला हात केला, जा आता.

तो लगेच निघाला नाही. आधी दोन्ही आरसे बघितले, पट्टे बघितले, आणि मग गाडी सोडली.