डाव्या कुशीतला गोळा

मित्रांनो, कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांतातल्या एका छोट्या इस्पितळात सोळा वर्षं उभं असलेलं मी सीटी स्कॅनचं यंत्र. मधोमध भोक, म्हणून इथले लोक मला डोनट म्हणतात. आलो तेव्हा गावाने फीत कापली होती. आता मी जरा घरघरलो की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. चालायचंच.

माणसाच्या पोटात काय दडलंय ते मला दिसतं, याचा मला फार तोरा होता. तो उतरवला ऑरेस्ट हनाटिक यांनी.

ऑरेस्ट शाळेच्या बसचे निवृत्त चालक. कर्करोगामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांचं डावं मूत्रपिंड काढलं होतं. जानेवारीतल्या तपासणीत त्या रिकाम्या जागी मला एक गोळा दिसला. डॉक्टर म्हणाले, रोग उलटला असावा. ते ऐकून त्यांची बायको डार्लीन बाहेरच्या बाकावर बसून रडू लागली. माझ्याच चित्राने तिला रडवलं, याचं मला फार वाईट वाटलं.

मला चालवणारी लोर्ना मात्र चित्रावरून नजर काढेना. आतडी चित्रात पांढरी उजळून ओळखू यावीत म्हणून आधी एक औषध प्यायला देतात; ऑरेस्टच्या आतड्यात ते फारसं दिसतच नव्हतं. तिने दोघांना आत बोलावून विचारलं,

"ऑरेस्ट, घरी दिलेल्या दोन्ही बाटल्या प्यायलात ना?"

"प्यायलो की."

"खरं सांग," डार्लीन म्हणाली.

ऑरेस्ट बुटांकडे बघत म्हणाले, "एकच. दुसरी बर्फात ओतली. दोन तासांचा रस्ता, बाहेर उणे तीस. एकतीस वर्षं बस चालवली, वाटेत कधी थांबलो नाही. आता लघवीसाठी थांबू?"

"थांबला असतास तर कोणत्या पोरांची शाळा बुडणार होती?"

लोर्नाने समोर उभं राहून त्यांना औषधाची नवी बाटली प्यायला लावली. तासाभराने मी पुन्हा पाहिलं, तर गोळा पांढराशुभ्र उजळला होता. औषध त्याच्यातूनच चाललं होतं. ती गाठ नव्हतीच. मूत्रपिंड गेल्यावर मोकळ्या जागेत त्यांचंच आतडं सरकून निवांत बसलं होतं. डॉक्टरांनी जुनी चित्रंही शेजारी ठेवून पाहिली आणि सांगितलं, रोग नाही.

"आतडंसुद्धा याच्यावरच गेलंय," डार्लीन डोळे पुसत म्हणाली. "रिकामी जागा दिसली की पसरलंच."

माझाही जीव भांड्यात पडला. मित्रांनो, मला नुसता आकार दिसतो, तो कशाचा हे कळत नाही. ते माणसांनी एकमेकांना विचारून ठरवायचं असतं. म्हणून माझ्याकडे याल तेव्हा काय प्यायलात, काय ओतून दिलंत, सगळं मोकळेपणाने सांगा. एका बाटलीबद्दल गप्प राहिल्यामुळे माझ्या दाराबाहेर एक बाई नवरा जिवंत असताना त्याचं दुःख करत बसली होती. पुन्हा कुणाला तसं बसवू नका.