शब्द, अर्थासकट

चष्म्याच्या त्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणाऱ्या माणसाचं खरं नाव कुणाला आठवत नसे. सगळे त्याला डिक्शनरी म्हणत. दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला माणूस. पण पुढे रद्दीतून एक पुठ्ठा फाटलेला शब्दकोश आणून त्याने तो असा काही घोकला की बोलायची सोय नाही. घरी तो नुसता 'अहो' होता आणि थोरल्या भावाच्या लेखी 'आमचा तो चष्मेवाला'. डिक्शनरी तो फक्त इथे होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला करमत नसे.

अकरा वाजता चहा आला की मालकीणबाई डोळे मिटून नजर तपासायच्या तक्त्यावर तीनदा बोट ठेवत. जी तीन अक्षरं निघतील ती तिन्ही असलेला इंग्रजी शब्द सांगायचा, अर्थासकट. ज्याचा शब्द लांब, तो जिंकला. अर्थ आला नाही तर शब्द बाद. बारा वर्षं तोच जिंकत होता. काउंटरवरचे दोघे 'कॅट'-'बॅट'च्या पुढे कधी सरकले नव्हते, तेव्हा वासरांत लंगडी गाय शहाणी हे खरंच. पण गाईला ते सांगणार कोण?

मग नजर तपासायला एक नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी पी, सी आणि डी निघाले. डिक्शनरीने घाई केली नाही. चहावर फुंकर मारली, घोट घेतला आणि म्हणाला, "प्रॉडक्ट. म्हणजे उत्पादन."

"अनप्रेडिक्टेबल," नवी म्हणाली. "म्हणजे ज्याचा काही नेम नाही असा."

मालकीणबाई बोटांवर अक्षरं मोजू लागल्या. दहा बोटं संपली तरी शब्द संपेना. "अगं बाई! डिक्शनरी, शेरास सव्वाशेर भेटला हो तुम्हाला!"

तो हसला. हसणं भागच होतं. पण त्या दिवसापासून ती त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. तिच्या चपलांचा आवाज खुपला, तिचं हसणं खुपलं, तिचं नीटनेटकं अक्षरही खुपलं. ती 'काका' म्हणाली की पोटात जास्तच दुखे, कारण ती ते मनापासून म्हणे. आठवडाभर ती रोज जिंकली. आठव्या दिवशी तक्त्यावर बोट ठेवायच्या आधीच मालकीणबाई तिला म्हणाल्या, "काय नव्या डिक्शनरी, तयार ना?"

तो मागच्या खोलीत गेला आणि घासायच्या यंत्रासमोर नुसता उभा राहिला. जळला तो, साफ जळला.

त्याच दुपारी तिच्या चष्म्याची काडी मोडली. नवी फ्रेम, नवी भिंगं आणि कामाची चिठ्ठी घेऊन ती आत आली. "काका, मला तुमच्याच हातचा हवा बरं का."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: उजवा डोळा, ॲक्सिस नव्वद. तिरक्या नंबरचं भिंग ठरलेल्या कोनातच बसवावं लागतं. दहा अंश इकडेतिकडे झालं की दाराची चौकट कललेली दिसते आणि डोकं धरतं. बावीस वर्षांत त्याच्या हातून एका अंशाची चूक झाली नव्हती. त्या दिवशी त्याने भिंग ऐंशीवर बसवलं. हात थरथरला नाही, हेच त्याला नंतर आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती घरातला जुन्या नंबराचा, चरे पडलेला चष्मा लावून आली. "नव्याची सवय होईना," एवढंच म्हणाली. त्या दिवशी टी, ओ आणि झेड निघाले. त्याने 'टोपाझ' सांगितला, पुष्कराज. नवीने कपाळ चोळलं आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी एफ, एल, डीला त्याचा 'फील्ड' चालून गेला, चौथ्या दिवशी सी, ई, पीला 'पेन्सिल'. पाचव्या दिवशी डी, एल, टी आले तेव्हा तो 'डेंटल, म्हणजे दातांचं' असं ऐटीत म्हणाला आणि मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आला बाई आमचा डिक्शनरी ताळ्यावर!" डोकं ठणकत असेल बिचारीचं, शब्द सुचणार कुठून, असं मनाशी म्हणत त्याने त्या दिवशी दोन कप चहा प्यायला.

संध्याकाळी ती नवा चष्मा घेऊन मागच्या खोलीत आली. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "काका, स्क्रू ढिला झालाय वाटतं. सवडीने बघा," ती म्हणाली आणि चष्म्याखाली एक घडी घातलेली चिठ्ठी ठेवून निघून गेली.

स्क्रू घट्ट होता. त्याने चिठ्ठी उलगडली. 'उजवा डोळा ॲक्सिस ऐंशी आलाय, नव्वद हवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच नंबर मोजायच्या मशीनवर पाहिलं.' नजर तपासणाऱ्या पोरीच्या चष्म्यात खोट करायची आणि ती तपासणार नाही असं समजायचं! अक्कल गहाण ठेवल्याशिवाय हे सुचत नाही.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्याच नीटनेटक्या अक्षरात चार ओळी होत्या.

टी, ओ, झेड: हॉरिझॉन्टल. आडवा.
एफ, एल, डी: फ्लॅबरगास्टेड. थक्क झालेला.
सी, ई, पी: पर्स्पेक्टिव्ह. दृष्टिकोन.
डी, एल, टी: डेलिबरेटली. मुद्दाम.

शेवटच्या शब्दावर त्याची नजर खिळली. तिला चारही दिवस शब्द येत होते आणि चारही दिवस ती गप्प बसली होती. त्याची चोरी कळूनही तिने त्याला जिंकू दिलं होतं, हट्टी पोराला देतात तसं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी त्याच्या मनात आलं की 'फ्लॅबरगास्टेड' आपल्याला का नाही आठवला! स्वतःची इतकी किळस त्याला कधीच आली नव्हती.

त्याने भिंग काढलं, नव्वदवर बसवलं आणि तीनदा मोजलं. सकाळी चष्मा तिच्या टेबलावर ठेवताना तो कसाबसा म्हणाला, "आता सरळ दिसेल." 'बरं काका' म्हणत तिने तो डोळ्यांवर चढवला.

अकरा वाजता चहा आला. मालकीणबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "एफ, पी आणि ओ. बोला, डिक्शनरी!"

त्याला एक शब्द आठवला होता, चांगला लांबलचक. तो त्याने गिळला.

"आजपासून तिला म्हणा डिक्शनरी," तो म्हणाला, "आणि आधी मागचे चार दिवस विचारा. तिचे शब्द माझ्याकडे अडकलेत." मग त्याने खिशातली चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली, पुढच्या बाजूपासून.