न्हाणीघराचे सात भाग

निषाद केतकीला बघायला आला तेव्हाच काळापांढरा होता. नुसता शर्ट तसा असता तर केतकीच्या मैत्रिणीनं, शाल्मलीनं, लक्ष दिलं नसतं. पण त्याचे गाल, नखं, ओठ, सगळंच शाईनं काढलेलं होतं, आणि सावली पडायला हवी तिथं बारीक ठिपके होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. तो बोलायचा तेव्हा आवाज होत नसे. डोक्याशेजारी एक पांढरा फुगा उमटायचा आणि त्यात वाक्य असायचं. अक्षर नीटस होतं.

"रंगानं जरा वेगळा वाटतो," मीनाकाकू, म्हणजे केतकीची आई, स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "पण फोटोत उठून दिसेल, नाही का गं?"

"तो आत्ताच फोटोत आहे, काकू."

"चेष्टा पुरे. पोह्यांवर खोबरं घाल आणि तूच ने बाहेर. आमची राणी नेणार नाही म्हणते."

शाल्मलीनं पोहे नेले. निषादनं बशी घेतली आणि त्याच्या हातात गेल्या गेल्या पोह्यांचा पिवळा रंग उतरला.

रंग हा शाल्मलीच्या पोटापाण्याचा विषय होता. सांगलीत हळदीचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. हळद अल्कोहोलमध्ये विरघळवायची, तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि निळा प्रकाश किती गिळला गेला ते मोजायचं. निळा गिळला जातो म्हणून हळद पिवळी दिसते. निषाद जिथं काळा होता तिथं सगळं गिळत होता, जिथं पांढरा होता तिथं सगळं परत करत होता. मधलं त्याच्यापाशी काहीच नव्हतं.

त्याची आणि केतकीची ओळख आधीच झाली होती, जपानी चित्रकथा वाचणाऱ्यांच्या एका ग्रुपवर. बघायला येणं नावापुरतं. दोघांना जोडणारी कथा मात्र शाल्मलीचीही होती. किंबहुना आधी तिची होती. शाळेत असल्यापासून केतकी तो मांगा, म्हणजे काळीपांढरी छापील चित्रकथा, वाचायची, शाल्मली त्यावरची रंगीत मालिका बघायची, आणि मग दोघी ताडून बघायच्या. नायकाचं जपानी नाव जिभेवर बसेना म्हणून त्यांनी त्याला विसरमाणूस म्हणायला सुरुवात केली होती. तो कोसळता पूल खांद्यावर पेलायचा, बुडती बोट ओढून आणायचा. पण ज्याला वाचवलं तो माणूस त्या क्षणापासून त्याला विसरायचा. शेकडो माणसं वाचली होती आणि एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

"न्हाणीघराचे भाग कसे वाटले तुला?" शाल्मलीनं विचारलं. माणूस कसा आहे हे ती या प्रश्नावरून ठरवायची.

फुगा उमटला. "ते फिलर आहेत. मी सोडून दिले."

"सातही?"

"मूळ मांगात नाहीत ना. मालिका धावत पुढं आली, मांगा मागं राहिला, म्हणून स्टुडिओनं वेळ काढला. फिलरमध्ये कुणी मरत नाही, कुणी बदलत नाही. शेवटी सगळे होते तिथं."

"अरे, पण त्याचा हात मोडलाय, तो एका गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात फरश्या घासतोय, कुणाला वाचवायचं नाहीये, म्हणून कुणी विसरत नाही. म्हातारी मालकीण रोज सकाळी त्याला नावानं हाक मारते. अख्ख्या कथेत तेवढंच. ते बघितलंच नाही तर विसरलं जाणं हा नुसता नियम उरतो. गुरुत्वाकर्षणासारखा. त्यात काय गेलं ते कळतच नाही."

"पुढच्या भागात तो परत आधीच्याच गच्चीवर उभा आहे. शर्ट तोच. हाताला प्लास्टर नाही."

"पण आपल्याला माहीत असतं की!"

"तुला माहीत असतं," फुग्यात आलं. "त्याला नाही."

केतकी खळखळून हसली. तिचं हसणं तेव्हा अजून ऐकू येत होतं. "सापडलीस, शाल्मे," ती म्हणाली. मग ती निषादला आपल्याबद्दल सांगायला लागली. शाळा, बारावी, मग फार्मसी.

"मधलं एक वर्ष?" शाल्मली म्हणाली.

"ते काय, ते तसंच गेलं," केतकी म्हणाली, आणि तिच्या उजव्या करंगळीचं नख पांढरं झालं.

ते वर्ष असं गेलं होतं. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून केतकीनं ड्रॉप घेतला, आणि पुस्तक उघडेनाशी झाली. कॉलेज सुटलं की शाल्मली जर्नल काखेत मारून थेट तिच्याकडं यायची. गॅलरीत चटई, चटईवर लॅपटॉप, लॅपटॉपची मान मोडलेली म्हणून पाठीमागं जीवशास्त्राचं गाईड. "ज्यात काही घडत नाही असं लाव," केतकी म्हणायची. ते सात भाग त्यांनी वर्षभर बघितले. संपले की पुन्हा पहिल्यापासून. म्हातारी रोज विसरमाणसाला विचारायची, आज पाणी गरम की कोमट? तो म्हणायचा, कोमट चालेल. एका दुपारी शाल्मली आली तेव्हा केतकी गॅलरीच्या कठड्यावर बसलेली होती, पाय बाहेरच्या बाजूला. खाली तीन मजले होते. शाल्मलीनं चप्पल काढली, जर्नल खाली ठेवलं आणि दारातूनच विचारलं, "आज पाणी गरम की कोमट?" केतकीनं एकदा खाली बघितलं. मग केतकी म्हणाली, "कोमट चालेल," आणि तिनं पाय आत घेतले. त्या दुपारीही त्यांनी दोन भाग बघितले. त्याबद्दल पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

शाल्मलीला निषादचा राग येत नव्हता. तिला त्याचे ठिपके हवे होते. आपल्या गालावर ते असते तर सावली कशी दिसली असती हे ती प्रयोगशाळेतल्या आरशात बघायची. आरशात गहूवर्णी गाल आणि हिरवी कुर्ती दिसायची, घट्ट, न उडणाऱ्या रंगांची.

साखरपुड्यानंतर केतकीचे हात कोपरापर्यंत शाईचे झाले. मग केस. केसांवर चकाकीची एक पांढरी रेघ आली आणि केतकीनं मान कितीही हलवली तरी ती जागची ढळली नाही.

"दुखतं का गं?" शाल्मलीनं विचारलं.

"छे. हलकं वाटतं. मूळ गोष्ट काळीपांढरीच असते ना. रंग मालिकेत असतो."

"आणि फिलर नुसता मालिकेत असतो."

"हो ना," केतकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी असल्यासारखं वाटलं, पण तो काढलेला ठिपका होता. "निषाद म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस."

"माझ्याबद्दल बोलता तुम्ही?"

"एकदा बोललो," केतकी म्हणाली. हे वाक्य निम्मं ऐकू आलं, निम्मं फुग्यात वाचावं लागलं.

त्यानंतर चित्रकथेच्या पानासारख्या घराच्या चौकटी झाल्या. बैठक एक चौकट, स्वयंपाकघर एक, केतकीची खोली एक, आणि दोन चौकटींच्या मध्ये कोरी पांढरी पट्टी. घरातले सगळे ती न बघता ओलांडायचे. शाल्मलीला मात्र थांबून, कुर्ती सावरून उडी मारावी लागायची. दर वेळी उडी लांब पडत होती. पट्टीत तिनं एकदा एक रुपया टाकून बघितला. पडल्याचा आवाज आला नाही. किती खोल ते मोजायलाही काही हाती लागलं नाही.

गॅलरीला चौकट मिळाली नव्हती. दार होतं, कडी होती, कडी काढली की पलीकडं कोरा कागद.

"काकू, गॅलरी कुठं गेली?"

मीनाकाकूच्या डोक्याशेजारी फुगा आला. तिचा पहिलाच, तिला त्याची सवय नव्हती आणि तो तिरका झाला होता. "गॅलरी? आपल्याला कुठं होती गॅलरी? दार लाव, धूळ येते."

"अहो, वर्षभर बसलोय आम्ही तिथं."

मीनाकाकूनं तिच्याकडं बघितलं, मग ती दार लावायला पुढं झाली आणि शाल्मलीच्या इतक्या जवळून गेली की एखादी ओली फरशी टाळावी तसा तिनं पदर वर घेतला. शाल्मलीच्या लक्षात आलं की आपलं बोलणं आता पोचत नाही. तिनं मोठ्यानं हाक मारून बघितली. घरात तिचा एकटीचाच आवाज होता, आणि त्याला फुगा नव्हता.

तरीही हळदीच्या सकाळी ती गेली. जाताना प्रयोगशाळेतल्या नमुन्यातली उरलेली चिमूटभर हळद डबीत घालून घेतली. राजापुरी, गडद, हाताला लागली की दोन दिवस जात नाही अशी.

लग्नघर भरलेलं होतं आणि सगळे शाईचे होते. आत्या, मावशा, बांगड्यांनी हात भरलेल्या करवल्या. न्हाणीत तांब्याचा बंब पेटला होता. तोही करडा, धूर पांढऱ्या वळणांचा. केतकी बैठकीत पाटावर बसली होती. मग निषादच्या घरून उष्टी हळद आली. आधी नवऱ्या मुलाच्या अंगाला लागायची आणि त्यातली उरलेली नवरीला, तशी ती वाटी झाकून आणली होती. करवलीनं रुमाल काढला. पेन्सिलीची पूड कालवावी तशी हळद होती.

"काय रंग आलाय!" एका मावशीच्या फुग्यात आलं.

"मुलगा भाग्याचा आहे."

शाल्मलीनं वाटीकडं बघितलं. ती हळद एकदा लागली की संपलं. सात भाग झाले. आता गच्ची तीच, शर्ट तोच, मधलं वर्ष झालंच नाही. तिला घाई झाली. तिनं डबी उघडली, तळहातावर दोन थेंब पाणी घेतलं आणि हळद कालवून आधी स्वतःच्या गालाला लावली. चांगली घासली. मग मधली पट्टी ओलांडून ती पाटाजवळ गेली, आणि सवाष्णींचे हात वाटीत बुडण्याआधी तिनं उरलेली हळद तशीच केतकीच्या मनगटाला लावली. पाच बोटं वळवून, मूठ आवळून धरली. मनगट गार होतं, कागदासारखं कोरडं.

कुणी तिला अडवलं नाही. अडवायला ती कुणाला दिसायला हवी होती.

मग करडी हळद लागली. कपाळाला, खांद्यांना, पायांना. बायका गात होत्या. गाण्याच्या ओळी भिंतींवर उमटून एकमेकींवर चढत होत्या. निषादचा भाऊ दारात उभा राहून फोनवर सगळं दाखवत होता, आणि फोनमधला निषाद हसत होता. भला माणूस होता. ज्याचा हेवा करावा असं इथं काही घडून गेलंय, हे त्याला माहीतच नव्हतं.

केतकीला न्हाणीतल्या पाटावर नेलं. शाल्मली मागोमाग गेली. या पट्टीवरून उडी मारताना तिची टाच जेमतेम टेकली. आत ती बंबाकडं पाठ करून उभी राहिली. तांब्यातांब्यानं पाणी पडत होतं. करडी हळद पायांवरून ओघळून मोरीत गेली आणि खाली स्वच्छ, कोरी, रेघांची केतकी राहिली. फक्त डाव्या मनगटावर पिवळी पाच बोटं होती. त्या घरात तेवढाच एक रंग होता.

"अगं बाई, हे काय?"

"चोळ चोळ, डाळीचं पीठ आण."

पीठ आलं. चोळलं. बोटं आणखी पिवळी झाली. मनगटाभोवतीची शाईची रेघ तेवढ्या जागी फिकी पडली होती, आणि आत काहीतरी नाडीसारखं हलत होतं.

"मुहूर्त जवळ आलाय," मीनाकाकूच्या तिरक्या फुग्यात आलं. "बांगड्या खाली ओढ, झाकेल."

करवलीनं बांगड्या पुढं सरकवायला हात घातला. केतकीनं मनगट मागं घेतलं. वळवून बघितलं, मग नाकाशी नेलं आणि हुंगलं.

"हे कुणाचं आहे?" तिच्या फुग्यात आलं.

"माझं," शाल्मली म्हणाली. "केतके, माझं." बंब चटचटत होता. चटचट भिंतीवर अक्षरांनी उमटत होती. तिच्या बोलण्याचं काहीच उमटलं नाही. तेव्हा तिनं तेच विचारलं जे दारातून एकदा विचारलं होतं. "आज पाणी गरम की कोमट?"

पट्टी आता न्हाणीच्या आत आली होती. पाटाच्या आणि बंबाच्या मधून ती सरळ उघडत चालली होती. शाल्मलीनं पाय जवळ घेतले.

केतकीनं मान वर केली. ओले केस, त्यावरची ती न ढळणारी रेघ. ती शाल्मलीकडं बघत होती, किंवा शाल्मलीच्या मागच्या बंबाकडं. तिच्या डोक्याशेजारी एक फुगा उमटला आणि बराच वेळ रिकामा राहिला. बायका थांबल्या. मग त्यात एकेक अक्षर आलं.

"कोमट"

पुढं 'चालेल'पुरती जागा शिल्लक होती. केतकीनं पिवळा हात पुढं केला, तांब्यासाठी करतात तसा, आणि शाल्मलीच्या टाचांखालून पट्टी आणखी वीतभर उघडली.