न घेतलेलं नाव

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं शहाणे सांगतात. शहाण्यांनी माणसाचं सोंग कधी आणून पाहिलेलं नसतं. मेल्विना ते एकोणीस वर्षं आणत होती.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या एका खाडीत ती पाण्यातून वर आली, सेल्बी नावाच्या कोळ्याशी लग्न करून राहिली. तिचा खरा जबडा छातीपर्यंत लोंबायचा, त्यात दातांच्या दोन ओळी, आणि डोळे पार कानांपाशी. फोटोसाठी पोट आत ओढून उभं राहावं तसं हे सगळं आत ओढून धरायचं, आणि फोटो काढणारा काही जात नाही. नवऱ्याला कळू नये म्हणून ती त्याच्याआधी तासभर उठायची आणि तो घोरायला लागल्याशिवाय झोपायची नाही.

रोज संध्याकाळी सेल्बी टोपी घालून शेजारच्या डॉर्कसकडे पत्ते खेळायला जायचा. दोन तास. तो गेला की मेल्विना चुलीपाशी बसून जबडा सोडून द्यायची आणि जळत राहायची.

डॉर्कस विधवा होती. कवळी काढून खिशात टाकायची, चारचौघांत पाय पसरून बसायची, हसता हसता ढेकर द्यायची. काही आवरायला नको, काही धरून ठेवायला नको. बाई आयती माणूस जन्माला आली होती. आपण तोंड इतकं नीटस ठेवतो आणि नवऱ्याला ते बोळकं गोड लागतं, या विचाराने मेल्विनाचा जळफळाट व्हायचा.

नाताळच्या बारा दिवसांत तिथले लोक सोंगं घेऊन घरोघर फिरतात. तोंडावर उशीचा अभ्रा, अंगात उलटे कपडे, आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरच्यांनी नाव बरोबर सांगितलं की सोंगाने तोंड उघडं करायचंच. याला माफी नाही, एकदा पाद्रीबाबांनाही सोडलं नव्हतं. मेल्विना दरवर्षी डोकं दुखतंय म्हणून घरी राहायची. यंदा मात्र डॉर्कस कुंपणावरून म्हणाली, "तुझा सेल्बी काय नाचतो गं. तुला ठाऊक तरी आहे का?"

मेल्विनाला ठाऊक नव्हतं. ते तिला फार लागलं.

सहाव्या संध्याकाळी सेल्बी गेल्यावर तिने त्याचा जुना रेनकोट उलटा चढवला, अभ्रा घेतलाच नाही, स्वतःचं तोंड मोकळं सोडलं आणि डॉर्कसचं दार ठोठावलं. आत सेल्बीबरोबर आणखी चार शेजारी बसले होते.

"आई गं, काय मुखवटा आहे," डॉर्कस टाळ्या पिटत म्हणाली. "दात बघा, दात."

"युरायाची बायको असेल," एक शेजारी म्हणाला.

"ती एवढी उंच कुठली? हा आपला हेझकाया. पावलं बघा कशी टाकतोय."

"ए, मुखवटा ओढू नकोस रे, फाटेल."

कुणीतरी अकॉर्डियन धरलं. सेल्बी उठला, त्याने हात पुढे केला आणि ती दोघं नाचली. मेल्विनाचा जबडा हिंदकळत होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती तोंडावर हात न धरता हसली. सेल्बी घामाघूम झाला होता, डोळे चमकत होते. मग तिच्या मनात आलं, घरी याने कधी असा हात धरला नव्हता. कोण समजून नाचतोय हा? कोण ही भवानी, जिच्याशी एवढा रंगलाय? मेल्विना स्वतःवरच जळू लागली.

"सेल्बी, आता तूच सांग," डॉर्कस म्हणाली. "एवढा नाचलास, हात तरी ओळखशील."

सेल्बीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाही बुवा," तो म्हणाला. "नाही ओळखू येत."

डॉर्कसने पुढे केलेल्या केकला हातही न लावता मेल्विना निघून आली.

घरी तिने तोंड जागच्या जागी बसवलं. सेल्बी आत आला तेव्हा ती म्हणाली, "वाढू का, की नाचूनच पोट भरलं?"

तो बूट काढत होता. "मी नाचलो हे तुला कुणी सांगितलं? मी तडक इकडेच आलोय."

मेल्विनाचा जबडा बोटभर घसरला. तिने तो झटकन वर ओढला.

"राहू दे," सेल्बी म्हणाला. "दुखत असेल."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. तिने ते उतरवलं नाही.

"म्हणजे ओळखलं होतंस."

"नाव घेतलं असतं तर त्यांनी तोंड उघडं करायला लावलं असतं. काय काढून दाखवणार होतीस?"

"कधीपासून ठाऊक आहे?"

"लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून. तापाने फणफणली होतीस, तोंड सुटलं होतं. मग म्हटलं, रोज दोन तास बाहेर बसावं, तेवढाच तुला आराम. नाहीतर डॉर्कसचा तो कडू चहा कोण पितो?"

मेल्विनाने जबडा छातीवर येऊ दिला. त्याच्यासमोर, दिव्याच्या उजेडात. ती रडली, आणि सेल्बीने तिच्या कानांपाशी हात नेऊन डोळे पुसले.

थोड्या वेळाने तिला आठवलं. "तापात माझ्या उशाशी डॉर्कस बसायची."

सेल्बीने काढलेले बूट चुलीपाशी सरकवले.

"म्हणजे तिने माझं तोंड तुझ्याआधी पाहिलं."

"पाहिलं. तिनेच मला हाक मारली."

"आणि आज मुखवटा, मुखवटा करत होती?"

"सोंग तिलाही आणता येतं."

मेल्विना पुन्हा पेटली, आणि या वेळी दातांच्या दोन्ही ओळी दिसत होत्या. "उद्यापासून तिच्याकडे जायचं नाही. इथे बसायचं. माझ्यासमोर."

"बरं," सेल्बी म्हणाला, आणि त्याने टोपी खुंटीला अडकवली.