ऋषींच्या हाडातली गोगलगाय

दिलसुखनगरच्या मंगल कार्यालयात भर दुपारी पडदे ओढले, दिवे घालवले आणि दीडशे माणसं श्वास रोखून बसली. म्हणजे ज्यांच्याकडे रोखण्याइतका श्वास होता ती. बाकीची दम्याची, ती नुसती घरघरत होती.

पाषाणानंद महाराजांनी दोन हाडं एकमेकांवर घासली. अंधारात हाडांच्या पोटात नारिंगी उजेड चमकला. जळका वास सुटला.

"दधीची ऋषींच्या अस्थी, माउली," महाराज सुरात म्हणाले. "हिची पूड नाकानं ओढा. सात दिवसांत दमा गेला म्हणून समजा. पण कलियुगाचं औषध अन् ही अस्थी एका घरात नांदत नाहीत. पंप, गोळ्या टोपलीत टाका, मोकळे व्हा."

"हौ महाराज," म्हणत माणसं मोकळी होत होती.

भगवंतराव पहिल्या रांगेत टाळ धरून बसले होते. कीर्तन मंडळात या महाराजांना आणलं त्यांनीच, तेही गळ्यावर भाळून. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलेला माणूस, पण भैरवी कानावर पडली की अक्कल आपली पेंगायला लागायची. ज्याचा सूर खरा त्याचं बोलणं खोटं कसं असेल? त्यांच्या पत्नीचा, त्रिवेणीबाईंचा पंप सकाळीच टोपलीत गेला होता. आता बाईंच्या छातीत शिट्टी वाजत होती, आणि महाराज चिमूटभर पूड घेऊन त्यांच्याकडेच वाकले होते.

"वहिनी, थांबा. ओढू नका."

शेजारच्या कोंडाबाई होत्या. कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं दगड कापून देणाऱ्या. त्यांनी पिशवीतून दोन पांढरे खडे काढून घासले. तोच उजेड, तोच वास.

"हे काही ऋषींचे नाहीत. कॉलेजच्या अंगणातल्या खडीतून उचलले. गारगोट्या."

भगवंतरावांना तो वास ओळखीचा वाटला. देगलूरकडच्या गावी, घोंगडीखाली, धाकट्या भावाबरोबर हाच खेळ त्यांनी किती वेळा केला होता. हॉलमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी केला असेल. व्यासपीठ अन् पेटी समोर आली, की गारगोटीची अस्थी झाली.

"तुमच्यात देव मानत नाहीत, बाई," महाराज गोड हसले. "तुम्हाला काय कळणार?"

"देवाचं राहू द्या महाराज. मी दगडाचं बोलते, पगारच त्याचा घेते. भगवंतराव, जरा पडदा सरकवता?"

भगवंतराव उठले. उजेड आला. कोंडाबाईंनी हाडावर भिंग धरून त्यांना बोलावलं. हाडाच्या नळीत, साळीच्या दाण्याएवढी, वेटोळ्याची गोगलगाय बसलेली होती. दगडाची.

"ऋषींच्या हाडात ही कधी शिरली?"

"तोही भाग्यवान जीव," महाराज म्हणाले. "शरण आला होता."

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"शरण कशाची, ती तिथं राहायलाच होती," कोंडाबाई म्हणाल्या. "हे हाड नव्हेच, नदीकाठच्या दलदलीतला दगड आहे. हा लव्हाळ्याचा देठ. गारगोटीचा अंश पाण्यात विरघळतो, डोळ्याला दिसत नाही. पाणी साचतं, आटतं, अन् तो अंश खळीसारखा वाळूच्या कणाकणात, देठाच्या पोकळीत बसून घट्ट होतो. मिठाचं पाणी आटलं की भांड्याला थर धरतो ना, तसंच, फक्त लई सावकाश. देठ कुजला, साचा दगड होऊन राहिला."

"अन् ही पूड?" भगवंतरावांनी विचारलं.

"आम्ही दगड कापताना पाणी सोडतो, तोंडाला मास्क बांधतो. ही कोरडी धूळ छातीत गेली की फुप्फुसाला वण पडतात, ते पुन्हा भरत नाहीत. अन् हा माणूस दम्याच्या बाईला ती ओढायला सांगतोय."

महाराजांनी घाईघाईनं पेटीवर भजन धरलं. सूर अजूनही गोडच होता. भगवंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा भजन चालू असताना टाळ खाली ठेवले. टोपली उपसून त्रिवेणीबाईंचा निळा पंप शोधला अन् स्वतः त्यांच्या तोंडाला लावला. दोनदा दाबला. हळूहळू शिट्टी उतरली.

मग ते टोपली घेऊन रांगेरांगेतून फिरले. ज्याचा पंप त्याला, प्रसाद द्यावा तसा हातात देत.

"चूक माझी," ते म्हणत होते. "मी गळ्याला भुललो. देवाला खुशाल हात जोडा, मीही जोडतो. पण कोणी नाकातोंडात काही घालायला सांगितलं तर आधी विचारा, हे काय आहे अन् तपासलं कुणी. अन् गारगोटी घासायची हौसच असेल, तर घोंगडीखाली घासा. पोरं घासतात तशी."