कॅमेऱ्याचा दाखला

सुगत साहेब झाल्यापासून कुणाला काही विचारत नाही, ही महामायाबाईंची तक्रार अख्ख्या निलंग्याला पाठ होती. नांदेडच्या सरकारी प्रयोगशाळेतून घरी आलेला लेक जेवताना म्हणाला, “माय, आमच्या मायक्रोस्कोपला नवा कॅमेरा घ्यायलोय. एकच कंपनी बनवत असली की टेंडरची कटकटच नाही. तसला कॅमेरा दुसरी कुठली कंपनी बनवत नाही, असा दाखला मीच सही करून दिला.”

“तुला कसं कळलं?”

“कंपनीच्या माणसानं सांगितलं.”

भाकरी थापणारे हात परातीतच थबकले. सरकारचा पैसा, अन् खाली लेकाची सही!

“दुसऱ्या कुणाला इचारलंस?”

“कशाला?”

“अगं माय!” महामायाबाईंनी परात बाजूला सारली. “पोरगी द्यायची, अन् नवरदेवाची चौकशी त्याच्याच मामाकडं केलीस व्हय रे? ती सही तुझी न्हाई, इकणाऱ्याची हाय. सकाळी जाऊन माघारी घे.”